उन्हाला न भिणारं घराणं

कडा, ता. आष्टी
१६ फेब्रुवारी २०२६

सौ. सायली हिस,

तू फोनवर म्हणालीस, "तुम्ही बोलायला लागलात की मला मध्ये शिरताच येत नाही. काय म्हणायचं ते कागदावर लिहून पाठवा." आणि फोन ठेवून माझा नंबरच बंद करून टाकलास. ठीक आहे. लिहितो. दुकानात आत्ता गिऱ्हाईक नाही. खताच्या पोत्यांवर बसून लिहितोय, अक्षर वाकडं आलं तर पोत्याचा दोष.

मागच्या मे महिन्यात तू चार दिवसांसाठी म्हणून पाचगणीला गेलीस. त्या चार दिवसांचे आता नऊ महिने झाले. लोकांच्या बायका सासूवरून जातात, दारूवरून जातात. माझी बायको कूलरवरून गेली. हे कुणाला सांगायची सोय आहे का? म्हणून मी गावात "माहेरी गेलीय" एवढंच सांगतो आणि पुढं बोलणं युरियावर नेतो.

तुझ्या घरच्यांना वाटतं, मी कंजूष आहे म्हणून कूलर आणला नाही. हे मला लई लागलं. आमच्या घराला ऊन लागत नाही, ही आष्टीपासून पाटोद्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. आबा भर मे महिन्यात दुपारी खांद्यावर घोंगडी टाकून बांधावरून अनवाणी फिरतात. लोक पोराबाळांना दाखवतात, ते बघ राधाकिशन आबा. अशा माणसाच्या घरात कूलर घरघरला तर आबांनी तोंड कुठं लपवायचं? तुला हे मी दोन उन्हाळे समजावलं. पहिला तू काढलास, दुसरा काढला नाहीस.

पण आता तुला शास्त्रानंच पटवणार आहे. मकसूदभाई कूलरवाल्यांची अदिबा तुला आठवत असेल, आपल्या लग्नात सगळ्यांना मेंदी काढून देणारी. ती हैदराबादला संशोधन करते. माणसाच्या जनुकांत वेगवेगळे प्रकार असतात, आणि त्यांतले काही पूर्वज ज्या हवेत राहिले त्या हवेमुळं टिकले असावेत, असा तिचा विषय आहे. आपल्या भागातल्या माणसांचे नमुने घ्यायला ती येतेय. मी पहिलं नाव आपल्या घराचं दिलंय. एकदा का तिनं लिहून दिलं की आमच्या रक्तातच ऊन मुरलंय, की मग माझ्यावरचा आळ गेला. मग तू परत यायला काही हरकत राहणार नाही.

आणि हो, सतरा मेपासून अधिक महिना लागतोय. लग्नानंतरचा आपला पहिलाच. जावयाला धोंड्याला बोलवायचं असतं, हे मामांना, तुझ्या वडिलांना, मी सांगायला नको. ज्या जावयाला पहिल्याच अधिकात बोलावणं येत नाही, त्याचा संसार मोडला असं आपल्याकडं धरून चालतात. नुसतं कानावर घातलं.

अभिमन्यू


कडा
२ मार्च २०२६

सायली,

पत्र पोचलं का नाही ते कळवलं नाहीस. पोचलं असं धरून पुढं लिहितो.

अदिबा येऊन गेली. ती शाळेत शिबिर लावणार होती, पण आबा म्हणाले, "आमच्या घरान्याचं काम हाय, आमच्याच दारात हुईल." मग काय, मांडव घातला. अख्खी भावकी फेटे बांधून हजर. आबांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, ऊन सोसणारा माणूस पाण्याशिवायही राहतो हे दाखवायला.

अदिबानं नळ्या काढल्या आणि सांगितलं, यात थुंकायचं.

"थुंकायचं?" आबा म्हणाले. "रक्त घे की पोरी. थुंकीत काय घरानं ऱ्हातं का?"

तिनं समजावलं की थुंकीतही पेशी असतात, त्यातून सगळं कळतं. फक्त एकच अट, त्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. तोंडात तंबाखू तर नाहीच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, बार थुंकले, चुळा भरल्या आणि अर्धा तास मोजत बसले. आता मांडवात एवढी माणसं नुसती बसलीत म्हटल्यावर आतून चहा आला. चुलत्यांनी घेतला म्हणून बाकीच्यांनी घेतला. अदिबानं कपाळाला हात लावला आणि पुन्हा अर्धा तास धरला. तेवढ्यात खालच्या आळीचे उशिरानं पोचले, त्यांना चहा द्यावाच लागला, आणि एकट्यांना कसा द्यायचा म्हणून सगळ्यांना दिला. तिसऱ्या वेळी तिनं हात जोडून चहा थांबवायला सांगितलं तेव्हा चुलते चिडले. "दारात आलेल्याला च्या द्यायचा न्हाई? मंग आमी मान्सं हाव का कोन?" शेवटी तिनं सगळ्यांना शाळेत नेऊन कोंडलं तेव्हा काम झालं.

आबांचं मात्र होईना. तोंडाला कोरड पडलेली. नळी ओठाला लावून ते ध्यानाला बसल्यासारखे बसले. त्यांच्यापुढं लिंबू धरलं, चिंचेचं नाव काढलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी नळी भरली, ती त्यांनी चोरून पाणी प्यायलं म्हणून, असं चुलते म्हणतात. मी पाहिलं नाही.

मग अदिबा म्हणाली, बायका कुठायत? आबा म्हणाले, "त्यांचं कावून? त्या तर बाहेरच्या घरून आल्यात." ती म्हणाली, "आबा, तुमच्यातलं अर्धं तुमच्या आईकडून आलंय." आबांची आई तेलगावची. आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, अर्धं घराणं तेलगावचं निघालं म्हणून.

मग माझ्या आईला बोलावलं. तिनं एका दमात नळी काठोकाठ भरून दिली आणि म्हणाली, "लई दिसांची साठलीया."

आता मुद्द्याचं. मी अदिबाला सरळ विचारलं, आमच्यात उन्हाचं जनुक आहे का? ती म्हणाली, "दादा, असं एक उन्हाचं जनुक नसतं. माणसं जगभर पसरली, वेगवेगळ्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. घाम, मीठ, थंडी-ऊन जाणवणं, अशा गोष्टींशी संबंधित काही प्रकार काही ठिकाणी जास्त दिसतात. ते कदाचित हवामानामुळं टिकले असतील. कदाचित दुसऱ्याच कारणानं. कदाचित नुसता योगायोग. तेच तर बघतोय."

थोडक्यात, माझं म्हणणं खरं आहे. ज्यांना आपला निकाल हवा त्यांना कळवण्याची तिच्या संस्थेनं मुभा दिलीय. मी हवा म्हणून सांगितलंय.

अभिमन्यू


कडा
१४ एप्रिल २०२६

सायली,

तुझं कार्ड मिळालं. दोन महिन्यांत दोन ओळी. "अदिबानं 'कदाचित' किती वेळा म्हटलं ते तुम्हीच लिहिलंय, परत वाचा. आणि एक सांगा, दुपारी एक ते चार तुम्ही कुठं असता?"

हा काय प्रश्न झाला? दुपारी मी बँकेत असतो. व्यापारी माणसाला बँकेत काम असतं. आता बँक जेवायला बंद असते तेव्हा मी शेजारच्या एटीएमच्या खोलीत थांबतो, तिथं एसी आहे हा निव्वळ योगायोग. वॉचमननं मला एक स्टूल दिलंय. तो म्हणतो, तुमच्यामुळं मला सोबत होते. त्या माणसाची सोबत मोडायची का?

शिवाय माझी अर्धशिशी तुला माहीत आहे. उन्हाळा लागला की डाव्या बाजूनं सुरू होते. तू सुंठ उगाळून लावायचीस. हल्ली मीच लावतो. माझी जाड होते, कपाळ भाजतं.

बरं, एक गोष्ट सांगतो, पण आईला कळू देऊ नकोस. परवा एटीएम बंद होतं. म्हणून सहज मकसूदभाईंच्या वर्कशॉपात गेलो. भर दुपार. आत नवा बनवलेला मोठा कूलर चालू, वाळ्याचा वास सुटलेला, आणि समोर खुर्ची टाकून आबा. घोंगडीसकट.

आबा म्हणाले, "तू कावून आला बे इकडं?"

मी म्हटलं, "अदिबाला भेटायला."

"मी बी."

अदिबा हैदराबादला गेलीय हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. मकसूदभाई पत्र्याला भोकं पाडत होते, वर न बघता म्हणाले, "आबा रोज येतेत. म्हनतेत, मकसूद, ह्या मोटरीचा आवाज बरा वाटत न्हाई, जरा ऐकत बसतो. मी म्हनलं, बैठो. सुनो आरामसे." मग मला दुसरी खुर्ची दिली. आम्ही बाप-लेक चारपर्यंत त्या मोटरीचा आवाज ऐकत बसलो. आवाजात काही दोष नव्हता.

उठताना आबा म्हणाले, "हे घरी बोलू नको. लोकं भलताच अर्थ काढत्यात."

घरी आई होती. पत्र्याच्या स्वयंपाकघरात कुरडया घालत होती. आम्हाला बघून तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं फक्त.

धोंड्याचं अजून काही कळलं नाही तुमच्याकडून. मी पांढरा शर्ट शिवायला टाकलाय.

अभिमन्यू


कडा
२१ मे २०२६

सायली,

अभिनंदन. गावाची चांगली करमणूक केलीस.

अधिक लागल्यापासून जो तो मला विचारतोय, "धोंड्याला बोलावणं आलं का?" न्हाव्यानं विचारलं, कंडक्टरनं विचारलं, खतापेक्षा बोलावण्याची चौकशी करणारी गिऱ्हाइकं वाढली. मी सगळ्यांना "आलंय, जायचंय" म्हणून सांगितलं. शर्ट अंगावर घालून दाखवला. आणि काल मामांचा फोन आला. मी स्पीकर लावला, कारण ओट्यावर चुलते बसले होते आणि त्यांनी ऐकावं अशी माझी इच्छा होती.

मामा म्हणाले, "आमच्याकडं रविवारी धोंडे करतोय. तर छबुबाईंना पाठवून द्या."

आबा म्हणाले, "पाव्हनं, आवाज नीट यीना. कुनाला?"

"सायलीच्या सासूबाईंना. पोरीचा हट्ट आहे. पहिला धोंडा त्यांना वाढायचा म्हणते. जावईबापूंचं नंतर बघू."

चुलते एवढे हसले की त्यांचा फेटा सुटला. आबा म्हणाले, असं कुठं असतं का, धोंडा जावयाचा असतो, शास्त्रात हाय. मामा म्हणाले, शास्त्राचं मी पोरीला सांगून बघितलं, तुम्ही सांगा.

आई आतून हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "गाडी कितीला हाय?"

तिची पिशवी भरलेलीच होती, सायली. तुम्हां दोघींचं हे कधीपासून चाललं होतं ते मला सांगशील का? माझा नंबर बंद आणि तिचा चालू?

आबा बायकोला थांब असं कधी म्हणत नाहीत. काल मात्र म्हणाले, "लई ऊन हाय. दुपारच्या गाडीनं नको, सांजच्याला जा."

आईनं चपला घातल्या. "आपल्याला लागत न्हाई की," म्हणाली, आणि गेली.

मी तिला नगरच्या गाडीत बसवलं. खिडकीतून एवढंच म्हणाली, "पीठ डब्यात हाय. तवा कुठं हाय ते तुझ्या बापाला इचार, ठावं असलं तर."

तिला न्यायला वाईला कुणी आलं होतं का ते कळव. तिनं एकटीनं एवढा प्रवास कधी केलेला नाही. आणि तिला तिथं थंडी वाजेल, शाल दे.

अभिमन्यू


कडा
४ जून २०२६

सायली,

आई पोचल्याचं कळलं. तिला तुझा स्वेटर होतो हेही कळलं. फोटो बघितला. मंडईत स्ट्रॉबेरीच्या जॅमची बाटली हातात धरून ती हसतेय. ती अशी हसते हे मला माहीत नव्हतं.

इकडची हकीकत. आबांना हॉटेलचं चालत नाही, म्हणून पहिल्या दिवशी बारा वाजता मी भाकरी करायला आत गेलो. वर पत्रा, समोर तवा, दाराला आड भिंत. पहिली भाकरी फुटली, दुसरी चिकटली. तिसरीला घामाचा थेंब तव्यावर पडून चर्र झाला. चौथीला मी बाहेर येऊन रांजणातला तांब्या डोक्यावर ओतून घेतला आणि उंबऱ्यावर बसलो. डोळ्यांपुढं काळं-निळं दिसत होतं.

आबा म्हणाले, "काय झालं?"

"काही नाही."

"हां. आपल्याला लागत न्हाई." आणि मोठ्या हौसेनं ते स्वतः आत गेले. दोन भाकरी टिकले. बाहेर आले ते घोंगडी हातात घेऊन. माझ्या जन्मात मी आबांना भर उन्हाळ्यात घोंगडीशिवाय बघितलं नव्हतं. पाठ सगळी घामोळ्यांनी भरलेली, लालभडक. मी पावडर लावून दिली. त्यांनी लावू दिली.

मग अदिबा सुट्टीला आली आणि निकाल सांगायला घरी आली. मी शेजाऱ्यांना बोलावलं नाही, बरं झालं.

आपल्या कातडीत थंडी ओळखणारं काहीतरी असतं म्हणे, त्याच्याशी संबंधित एका जनुकाचा एक प्रकार आहे. जगात जसजसं उत्तरेला थंडीकडं जावं तसतसा तो जास्त माणसांत सापडतो. फिनलंडमध्ये दहातल्या आठ-नऊ जणांत. आफ्रिकेत विषुववृत्ताकडं अगदी थोड्यांत. आपल्याकडंही बऱ्याच जणांत असतो. थंड मुलखात टिकायला तो उपयोगी पडला असावा. कदाचित. (बघ, या वेळी लिहिलं.) आणि तो ज्यांच्यात असतो त्यांना अर्धशिशीचा त्रास जास्त दिसतो.

माझ्यात तो आहे. आईकडून एक, आबांकडून एक, अशा दोन्ही बाजूंनी.

आबा म्हणाले, "फिनलंड कुठंशी आलं? पाटोद्याच्या अलीकडं का पलीकडं?"

अदिबानं सांगितलं, बर्फाचा देश आहे.

"म्हंजी आपन थंडीची मान्सं?" आबांचा चेहरा बघवत नव्हता. एवढी वर्षं घोंगडी पांघरून हिंडल्याचं हे फळ. मग जरा सावरून म्हणाले, "तुझं मशीन तपासून घे पोरी."

अदिबा हसली. म्हणाली, "आबा, एका प्रकारावरून माणूस थंडीचा का उन्हाचा ते ठरत नाही. हजार गोष्टी असतात. हे लाखो लोकांचं गणित आहे, घराण्याचा दाखला नव्हे. आणि कूलर घ्यायचा का नाही ते जनुकं बघून ठरवत नसतात. उकडलं की घ्यायचा."

आईचा निकाल मी विचारला तर तिनं सांगितला नाही. ज्याचा त्याला, म्हणाली. तिनं आईला पाचगणीला फोन केला होता म्हणे. आई म्हणाली, "काय बी निघू दे. मला उकडतं ते मला कवाच म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी मकसूदभाई टेम्पोतून तो मोठा कूलर घेऊन दारात. आबांनीच बोलावलं होतं. चुलत्यांनी विचारलं तर आबा म्हणाले, "मकसूदच्या दुकानात जागा न्हाई, सांबाळायला ठिवलाय." सांभाळायला ठेवलेला कूलर आम्ही स्वयंपाकघरात लावलाय. दाराची आड भिंतही पाडली, हवा खेळायला. माझी भाकरी आता फुटत नाही.

तेव्हा, घरात कूलर आला, शास्त्राचा निकाल लागला, आबांची घोंगडी उतरली. आता तरी बोलावणं पाठव. अधिक पंधरा तारखेला संपतोय.

अभिमन्यू


पाचगणी, एसटी स्टँड
१३ जून २०२६

सायली,

तुझं कार्ड परवा मिळालं. "कूलरचं वाचून आईंना आनंद झाला. मलाही. पण तुमची पाचही पत्रं घराण्याची आहेत. तुमचं एकही आलं नाही." बस्स. धोंड्याचा उल्लेख नाही.

मी ते दिवसभर खिशात घेऊन फिरलो. संध्याकाळी आबांना म्हटलं, मी जातो. आबा म्हणाले, "बिनबोलावता धोंड्याला गेलेला जावई आपल्यात झाला न्हाई. लोकं तोंडात शेन घालत्याल." मी म्हटलं, घालू दे. मग त्यांनीच मला पहाटे मोटारसायकलवरून स्टँडवर सोडलं. चुलत्यांनी विचारलं, बोलावणं आलं का? मी म्हटलं, नाही आलं. पहिल्यांदाच खरं सांगितलं, तर ते हसले नाहीत. म्हणाले, नीट जा.

इथं पाऊस भुरभुरतोय, चार हातांवरचं दिसत नाही. मी पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आलोय, स्वेटर माझ्याकडं कधी नव्हताच. चहा तीन वेळा घेतला. हात एवढे थरथरतायत की अक्षर बघ, आज पोत्याचा दोष नाही. समोरचा रिक्षावाला तुमचं घर ओळखतो, त्याच्याकडं हा कागद देतोय. थेट दारात आलो नाही. तू "आत या" म्हणाली नाहीस तर आईसमोर कसं उभं राहायचं ते मला कळत नाही.

या पत्रात काय लिहायचं याचा मी वाईच्या घाटापासून विचार करतोय. आबा नाहीत, अदिबा नाही, फिनलंड नाही. मग जे उरतं ते एवढंच आहे.

मला लई थंडी वाजतेय, सायली. घरात घे.

अभिमन्यू